गेमिंग पीसी कमी खर्चात अपग्रेड करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतः पार्ट निवडून, स्वतःच्या हाताने पीसी जोडलेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. मशीन तीन ते सहा वर्षांचं झालंय, नवे गेम अडखळतात आणि सगळं नव्याने घेण्याइतके पैसे नाहीत, अशी स्थिती धरली आहे. निर्णय ज्या क्रमाने घ्यावे लागतात साधारण त्याच क्रमाने प्रश्न लावले आहेत. घाई असली तरी पहिली तीन उत्तरं वाचाच. बऱ्याच जणांचा खर्च तिथेच वाचतो.

आधी काय बदलू? ग्राफिक्स कार्ड की प्रोसेसर?

अंदाजाने ठरवू नका, मोजून ठरवा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही आकडे दाखवणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वेगळा वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम, तापमान आणि फ्रेम टाइम (एक फ्रेम तयार व्हायला लागणारा वेळ) दिसेल असं लावून घ्या. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी बांधणारं सेटिंग) आणि फ्रेमवरची मर्यादा आधी बंद करा, नाहीतर सगळे आकडे फसवे येतात. मग जो गेम त्रास देतो तोच, जिथे अडखळतो त्याच जागी, पंधरा-वीस मिनिटं खेळा.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडवणारा भाग कार्डच आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर कार्ड कामाची वाट बघत बसलंय. प्रोसेसर किंवा रॅम त्याला वेळेवर काम पुरवत नाहीये. इथे एक चूक फार होते. प्रोसेसरचा एकूण वापर ३५ टक्के दिसला की ‘प्रोसेसर तर निवांत आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम आठ टक्के असतो. गेमचा मुख्य थ्रेड तिथे अडकला की बाकीचे अकरा रिकामे असून काही उपयोग नाही.

खात्री करायची असेल तर बाकी सेटिंग तशीच ठेवून रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगले वाढले तर मर्यादा कार्डाची होती. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसरची. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. सरासरी एफपीएस चांगले असून फ्रेम टाइमच्या रेषेत मधूनच ५०-१०० मिलिसेकंदांची शिखरं उठत असतील तर दोष बहुतेक वेळा भरलेल्या रॅमचा, भरलेल्या व्हीरॅमचा किंवा हार्ड डिस्कवर ठेवलेल्या गेमचा असतो. अशा वेळी महागडं कार्ड घेऊनही झटके तसेच राहतात.

कोणता भाग किती टक्के अडवतो ते सांगणारे ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’ विश्वासार्ह असतात का?

नाही. कोणता गेम, कोणतं रिझोल्यूशन आणि कोणती सेटिंग हे विचारात न घेता टक्केवारी काढता येत नाही. वरची चाचणी दहापट खरी.

पैसे न घालता काही वाढवता येईल का?

हो, आणि खरेदीआधी हे सगळं करून झालेलं असलंच पाहिजे.

पहिली गोष्ट रॅमचा वेग. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात मेमरीचा वेग बघा. रॅमच्या पट्टीवर ३२०० छापलंय आणि तिथे २१३३ किंवा २४०० दिसतंय, तर ती पट्टी विकत घेतल्या दिवसापासून अर्धवट वेगाने चालली आहे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक्सएमपी (रॅमला छापील वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. एएमडीच्या बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी किंवा एक्स्पो असू शकतं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये याचा फरक जास्त जाणवतो, कारण प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या घड्याळाशी जोडलेली असते. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका. डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, त्यामुळे १६०० म्हणजेच ३२००.

दुसरी गोष्ट स्लॉट. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारी-शेजारी बसवल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर (रॅम आणि प्रोसेसरमधल्या वाटेवर) जातात आणि बँडविड्थ निम्मी होते. डीडीआर४ ३२०० चं एक चॅनेल सेकंदाला २५.६ जीबी वाहते, दोन मिळून ५१.२. प्रोसेसरवर जोर देणाऱ्या गेममध्ये हा फरक थेट अडखळण्यात दिसतो.

मग मॉनिटर. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर वापरणारे कमी नाहीत. विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. केबल कार्डाच्या पोर्टमध्ये आहे ना, तेही बघा. मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचली असेल तर चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समार्फत येतं.

शेवटी धूळ आणि पेस्ट. पंख्याचं पातं बोटाने धरून मगच हवेचा फवारा मारा. पंखा हवेने वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग खराब होतं. चार-पाच वर्षांची थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता नेणारा थर) वाळलेली असते, ती बदलली की तापमान उतरतं आणि प्रोसेसर आपला वेग टिकवून धरतो.

रॅम किती असावी? जुन्या पट्टीशेजारी नवी लावली तर चालेल?

८ जीबी आता पुरत नाही. १६ जीबी ही कामापुरती पातळी आहे. गेमसोबत ब्राउझर, व्हॉइस चॅट आणि रेकॉर्डिंग चालू ठेवणाऱ्यांनी ३२ जीबीकडे बघावं. त्यापुढे फक्त गेमसाठी पैसे घालू नयेत.

वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र चालू शकतात, पण दोन्ही सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालतात आणि कधी कधी एक्सएमपी लागूच होत नाही. एकाच मॉडेल नंबरच्या दोन पट्ट्यांतही आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, कारण उत्पादक मधेच चिप बदलतात. म्हणून शक्य असेल तर जुनी पट्टी विकून दोन पट्ट्यांचा जोड घ्या. मिसळायचंच ठरवलं तर वेग, लेटन्सी (माहिती मिळायला लागणारा उशीर, लेबलवर सीएल) आणि व्होल्टेज हे तिन्ही जुळवा आणि नंतर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ एक पूर्ण फेरी चालवा. त्यात एक जरी चूक आली तरी ती खपवून घेऊ नका. रॅममधली चूक फक्त गेम बंद पाडून थांबत नाही, फाइलीही बिघडवते.

डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमवर तर चार पट्ट्यांचा विचारच नको. एएम५ या एएमडीच्या नव्या सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या जागेवर) रायझन ७००० मालिकेत चार पट्ट्या लावल्यावर अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. तिथे ६००० वेगाच्या, सीएल३० च्या दोन पट्ट्या हा उत्तम मधला मार्ग आहे. डीडीआर४ च्या रायझन ३००० आणि ५००० साठी ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८ घ्या. हिशेब केला तर दोन्हींची लेटन्सी १० नॅनोसेकंदच येते, त्यामुळे जे स्वस्त मिळेल ते.

आहे त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसेल का?

कमी खर्चातला सर्वांत मोठा फायदा बहुधा इथेच दडलेला असतो. प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसला की बोर्ड आणि रॅम दोन्हींचे पैसे वाचतात.

एएम४, म्हणजे एएमडीचं आधीचं सॉकेट, वापरणारे सर्वांत नशीबवान. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत आलेल्या या सॉकेटवर १००० पासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर बसतात, आणि २०२२ मध्ये ए३२०, बी३५०, एक्स३७० या पहिल्या पिढीच्या अनेक बोर्डांनाही ५००० मालिकेचा बायोस मिळाला. रायझन ५ १६०० किंवा २६०० वरून रायझन ५ ५६०० वर जाणं म्हणजे एका सुट्या भागात मशीनला दुसरं आयुष्य. रायझन ७ ५८००एक्स३डी (२०२२) आणि ५७००एक्स३डी (२०२४) यांच्यात ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) आहे, साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी. ही जादा कॅश गेममध्ये खरोखर कामाला येते, म्हणून जुन्या बाजारात यातला एखादा रास्त मिळाला तर एएम४ वर त्याच्यापुढे बघायची गरज नाही.

नावातला एक सापळा मात्र लक्षात ठेवा. ५५०० आणि ५६००जी हे ५६०० चे सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांच्यात एल३ कॅश १६ एमबी आहे आणि कार्ड जोडणारी पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे, ४.० नाही. थोड्या बचतीसाठी त्यांच्याकडे वळू नका.

इंटेलमध्ये सॉकेटचं नाव सारखं असूनही फसगत होते. एलजीए ११५१ वर सहाव्या-सातव्या पिढीचे बोर्ड वेगळे आणि आठव्या-नवव्या पिढीचे वेगळे. प्रोसेसर बसतो, पण चालत नाही. एलजीए १२०० वर दहावी आणि अकरावी पिढी, पण बहुतेक एच४१० आणि बी४६० बोर्ड अकरावी पिढी घेत नाहीत. एलजीए १७०० वर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी चालते. ६०० मालिकेच्या बोर्डाला तेराव्या-चौदाव्या पिढीसाठी आधी नवा बायोस लागतो. याच सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे तर काही डीडीआर५ चे असतात, त्यामुळे जुनी रॅम वापरायची असेल तर बोर्डाचं पूर्ण नाव वाचूनच घ्या.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा ताकदवान प्रोसेसर सेकंडहँड घेताना दुप्पट सावध राहा. जास्त व्होल्टेजमुळे या प्रोसेसरना कायमची इजा होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. दुरुस्ती बायोसमधून आली, पण ती पुढची झीज थांबवते. आधी झालेली इजा भरून येत नाही.

कोणताही प्रोसेसर घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या पानावर त्या बोर्डाची प्रोसेसर यादी उघडा. यादीत नाव आणि कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते, दोन्ही असतं. बोर्डाच्या आवृत्तीचा क्रमांकही जुळवा; तो बोर्डावरच छापलेला असतो.

बायोस अपडेट करायची भीती वाटते. नेमकं कसं करायचं?

जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचं, हा पहिला नियम. नवा बसवल्यावर स्क्रीनच येणार नाही, मग बायोसमध्ये शिरणार कसे?

पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, बोर्डाच्या पानावरून फाइल उतरवा, झिप उघडून आतली फाइल ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा आणि बायोसमधल्या फ्लॅश साधनातून ती निवडा. विंडोजमधून फ्लॅश करणारी सॉफ्टवेअर टाळा. अपडेटला काही मिनिटं लागतात. त्या काळात वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस असेल तर त्यावर लावा. खूप जुन्या आवृत्तीवरून थेट शेवटच्यावर उडी मारता येईलच असं नाही. काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती आधी लागते आणि काही नव्या आवृत्त्या जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकतात. फाइलीखालची दोन ओळींची टीप वाचायला एक मिनिट लागतं, ते द्या.

मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही अपडेट होतं. फाइलीला बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलंच नाव द्यावं लागतं. नाव चुकलं की दिवा थोडा लुकलुकून थांबतो आणि काहीच होत नाही.

अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळ जागी जातात. एक्सएमपी पुन्हा चालू करायला विसरू नका.

प्रोसेसर बदलताना विंडोजला काही अडचण येते का?

नुसता प्रोसेसर, रॅम किंवा कार्ड बदलल्याने सहसा परवाना जात नाही. तो मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. बोर्ड बदलणार असाल तर त्याआधी विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवा. तयार मशीनसोबत आलेला ओईएम परवाना दुसऱ्या बोर्डावर जात नाही.

खरा धोका वेगळाच आहे. रायझनमध्ये टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारा भाग) प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्याच वेळी एफटीपीएम, म्हणजे हाच टीपीएम, रीसेट करू का, असं बायोस विचारतो. ड्राइव्हवर बिटलॉकर (डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं साधन) चालू असेल आणि तुम्ही हो म्हणालात, तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा गेला. म्हणून आधी बिटलॉकर थांबवा आणि ती की कागदावर उतरवून ठेवा. विंडोजचा पिनही नव्याने लावावा लागू शकतो, तेव्हा खात्याचा पासवर्ड आठवतोय ना याची खात्री करा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीचा इंटेल किंवा रायझन २००० लागतो. प्रोसेसर निवडताना हाही हिशेब धरा.

ग्राफिक्स कार्ड निवडताना काय बघू?

आधी मॉनिटर बघा. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. १०८०पी, ६० हर्ट्झच्या मॉनिटरसमोर मोठं कार्ड लावलं तर त्याची निम्मी ताकद दिसणारच नाही.

मग व्हीरॅम. ८ जीबी कार्डावर १०८०पी चालतं, पण नव्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) एक पायरी उतरवावे लागतात. १४४०पी साठी १२ जीबी किंवा जास्त शोधा. व्हीरॅम भरली की गेम साध्या रॅममधून टेक्स्चर ओढू लागतो आणि एफपीएस कडेलोट झाल्यासारखे कोसळतात. टेक्स्चर हे असं एकच सेटिंग आहे की जागा असेल तर ते वाढवल्याने वेग जवळजवळ कमी होत नाही आणि चित्र मात्र उठून दिसतं. म्हणूनच थोडं जुनं, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० अजूनही मागणीत असतं.

जुन्या बोर्डवाल्यांनी लेन, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या माहितीच्या वाटा, मोजाव्यात. आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० आणि आरटीएक्स ४०६० या कार्डांचा कनेक्टर लांब दिसतो, पण आत आठच लेन जोडलेल्या असतात. पीसीआय एक्सप्रेस ३.० वर त्यांचा थोडाच तोटा होतो, तो सोसण्यासारखा आहे. आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये मात्र चारच लेन आणि ४ जीबी व्हीरॅम, ३.० च्या बोर्डावर ते गुदमरतं. जुन्या मशीनसाठी बनल्यासारखं दिसणारं हे कार्ड जुन्या मशीनलाच सर्वांत कमी मानवतं.

इंटेलची आर्क कार्डं घ्यायची तर बोर्डावर रिसाइझेबल बार (प्रोसेसरला सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू होतो का ते आधी तपासा. त्याशिवाय ती फार मागे पडतात. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करायची बायोसमधली सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या ड्राइव्हवर असेल तर ते बंद करताच मशीन सुरूच होत नाही. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने ड्राइव्ह आधी बदलून घ्या, अर्थात बॅकअप घेऊनच.

आणि टेपने कॅबिनेट मोजा. लांबी मोजताना पुढच्या पंख्यांची जाडी, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर, वजा करा. अडीच किंवा तीन स्लॉट जाडीचं कार्ड खालचे साटा पोर्ट (ड्राइव्ह जोडायचे) झाकतं का तेही बघा.

माझा पॉवर सप्लाय पुरेल का?

हिशेब सोपा आहे. रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट घेतो, आरटीएक्स ३०६० साधारण १७० वॅट, बोर्ड, रॅम, पंखे, ड्राइव्ह मिळून ६० धरा. झाले ३०६. यासाठी चांगला ५५० वॅटचा सप्लाय निवांत पुरतो. २५० वॅटच्या कार्डासाठी ६५० ते ७५० वॅट घ्या. इतकं अंतर ठेवायचं कारण क्षणिक झेपा: कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या सरासरीच्या दुप्पट वीज ओढू शकतं आणि सप्लायचं संरक्षण तेवढ्यात मशीन बंद करतं. गेम ऐन रंगात असताना मशीन एकदम काळंठिक्कर पडून पुन्हा सुरू होतं, त्यामागे बहुधा हेच असतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने अशा झेपा सोसण्याची अट घातली.

‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. आतले भाग टिकाऊ आहेत की नाही याबद्दल तो काही सांगत नाही. लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीत किती वॅट लिहिलेत ते वाचा. एकूण ५०० लिहून १२ व्होल्टवर ३६० देणारा सप्लाय गेमिंगसाठी ३६० चाच समजा.

जोडणीबद्दल: स्लॉट ७५ वॅट देतो, सहा पिनची जोडणी ७५, आठ पिनची १५०. कार्डाला दोन आठ पिन लागत असतील तर दोन वेगळ्या केबल ओढा, एकाच केबलची दोन तोंडं वापरू नका. साटाच्या पॉवर केबलवरून सहा पिन करून देणारा जोड कधीही लावू नका. साटाची जोडणी १२ व्होल्टवर फार तर ५४ वॅट देण्यासाठी बनलेली आहे. कार्डाने ७५ मागितले की प्लास्टिक वितळतं.

जुन्या सप्लायच्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) केबल नव्यात वापरता येतील?

नाही. कनेक्टर बसला तरी आतल्या पिनचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळा असतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि हार्ड डिस्क त्याच क्षणी जळतात. जुन्या केबल सप्लायसोबत बांधूनच ठेवा.

एसएसडीने एफपीएस वाढतात का?

सरासरी एफपीएस नाही. पण गेम हार्ड डिस्कवर असेल तर लोडिंग आणि मोकळ्या जगात फिरतानाचे झटके खूप कमी होतात. साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवरून चालणारी एसएसडी) ३५०० पर्यंत, चौथ्या पिढीची ७००० पर्यंत वाचते. तरी गेममध्ये हार्ड डिस्क ते साटा हाच मोठा फरक जाणवतो, पुढचे लहान. त्यामुळे वेगापेक्षा जागेला पैसे द्या. १ टीबीच्या खाली जाऊ नका आणि १०-१५ टक्के जागा मोकळी राहू द्या, नाहीतर लिहिण्याचा वेग घसरतो.

बोर्डावर एम.२ (एसएसडी थेट बसवायचा) स्लॉट दिसला म्हणजे एनव्हीएमई चालेलच असं नाही. काही जुन्या बोर्डांवर तो फक्त साटाचा असतो. आणि तो वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद पडू शकतात. नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क गायब झाली तर केबल दुसऱ्या पोर्टमध्ये घाला, डिस्क बिघडलेली नसते.

सेकंडहँड काय घ्यावं, काय नको?

प्रोसेसर (वर सांगितलेली इंटेलची तेरावी-चौदावी पिढी सोडून), रॅम आणि कॅबिनेट बिनधास्त. ग्राफिक्स कार्ड तपासून. पॉवर सप्लाय आणि वापरलेली हार्ड डिस्क नको.

कार्ड समोर चालू करून बघा. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा, जुन्या कार्डाचा बायोस बदलून नव्या नावाने विकलेली नकली कार्डं त्यात बहुधा पकडली जातात. मग पंधरा-वीस मिनिटं जड गेम किंवा फरमार्क (कार्डावर ताण टाकणारी चाचणी) चालवा. रंगीत ठिपके, चौकटी, रेषा दिसल्या तर व्हीरॅम गेली, घेऊ नका. गाभ्याचं आणि हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचं) तापमान यांत २५-३० अंशांहून जास्त फरक असेल तर पेस्ट किंवा पॅड संपलेत. ते बदलता येतं, पण किंमत त्या हिशेबाने ठरवा. सगळे डिस्प्ले पोर्ट एकेक करून लावून बघा. क्रिप्टो मायनिंगमध्ये वापरलेलं म्हणून कार्ड आपोआप वाईट ठरत नाही; पंखे झिजलेले असतात, ते बदलून मिळतात.

एएम४ चा प्रोसेसर घेताना खालच्या १३३१ पिना उजेडात तिरक्या धरून बघा. एक-दोन वाकलेल्या पिना पोकळ मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकाने सरळ होतात. तुटलेली पिन दिसली तर सोडून द्या.

प्रत्यक्ष बदलताना क्रम काय ठेवू?

एका वेळी एकच भाग. तीन भाग एकदम बदलले आणि स्क्रीन आली नाही, तर दोष कुणाचा हे शोधण्यात रात्र जाते.

सप्लायचं बटण बंद, वायर काढलेली, मग पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि काम करताना अधूनमधून लावत राहा.

एएम४ वर कूलर काढताना खास काळजी घ्या. वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ ओढला तर बंद सॉकेटमधून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन बंद करण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सैल करा आणि मगच उचला. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढा. स्क्रू एकदम आवळू नका. समोरासमोरचे दोन, प्रत्येकी थोडे थोडे.

ग्राफिक्स कार्ड बदलताना कंपनी बदलत असेल तर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने काढा. स्लॉटच्या टोकाची कळ दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका.

सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. आता?

डीडीआर५ असेल तर आधी थांबा. पहिल्या वेळी रॅमचं ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. मधेच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मग बोर्डावरचे चार छोटे दिवे बघा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो पेटून राहिलाय तिथे काम अडलंय. डीरॅम पेटला असेल तर एकच पट्टी, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही टोकांना खट् आवाज येईपर्यंत दाबा. व्हीजीए असेल तर कार्डाची पॉवर केबल बघा. सीपीयू असेल तर बायोस जुना आहे, पिन वाकली आहे किंवा वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची केबल राहिली आहे. शेवटचं सर्वांत जास्त वेळा घडतं. तरीही अडलं तर वीज काढून बोर्डावरची गोल बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, सेटिंग मूळ जागी येतात.

अपग्रेड करणं कधी थांबवून नवा प्लॅटफॉर्म घ्यावा?

सॉकेटवरचा सर्वांत चांगला प्रोसेसर आधीच बसलेला असेल किंवा चार कोअर, चार थ्रेडच्या जुन्या इंटेलवर असाल, तेव्हा. अशा बोर्डासाठी जुन्या पिढीचा वरचा प्रोसेसर महाग विकला जातो, त्यात पैसे अडकवू नका. बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकत्र बदला. कॅबिनेट, सप्लाय, ड्राइव्ह आणि कार्ड जुनंच चालू द्या. एएम५ ला एएमडीने किमान २०२७ पर्यंत नव्या प्रोसेसरचा शब्द दिला आहे, त्यामुळे तिथे आज साधा प्रोसेसर आणि बऱ्यापैकी बोर्ड घेऊन पुढे फक्त प्रोसेसर बदलता येईल. एएम४ चे बरेचसे कूलर एएम५ वर बसतात, मात्र कूलरला स्वतःची मागची प्लेट लागत असेल तर नाही.

काढलेल्या भागांचं काय करू?

नवा भाग दोन आठवडे नीट चालेपर्यंत जुना विकू नका; काही बिघडलं तर तपासायला तोच लागतो. प्रोसेसर प्लास्टिकच्या मूळ खोक्यात, कार्ड आणि रॅम अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा. जुन्या इंटेल बोर्डाच्या सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावल्याशिवाय तो कुणाच्या हाती देऊ नका, तिथल्या पिना नुसत्या बोटानेही वाकतात. एसएसडी विकायची असेल तर नुसतं फॉरमॅट पुरेसं नाही. बोर्डाच्या बायोसमध्ये किंवा एसएसडीच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सिक्युअर इरेज असतं, ते चालवा. हार्ड डिस्कवर सिक्युअर इरेजला काही तास लागतात, तर एसएसडीवर ते बहुधा मिनिटभरात उरकतं.